ओला कचरा कोंडू नका, कोरडा पेटवू नका: पाचटापासून खरकट्यापर्यंत कार्बनचा हिशोब आणि विल्हेवाट

शेतातलं पाचट (उसाची वाळलेली पानं), मांडवात उरलेला भात, सोसायटीच्या डब्यातली सालं आणि बाजार पडला म्हणून बांधाला ओतलेले टोमॅटो, या सगळ्यांचा कार्बन (म्हणजे त्यांच्यातून निघणारे, हवा तापवणारे वायू) मुख्यतः एका प्रश्नावर ठरतो: कुजताना त्यांना हवा मिळाली का? हवा मिळाली तर बहुतेक कार्बन डायऑक्साइड निघतो. तो पिकानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, म्हणून हिशोबात धरत नाहीत. हवा कोंडली तर मिथेन निघतो, आणि तो हिशोबात पुरेपूर येतो. कोरडा कचरा पेटवला की अर्धवट जळण्यातून थोडा मिथेन, थोडा नायट्रस ऑक्साइड आणि भरपूर काजळी निघते.

पुढची सूत्रं आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल मंडळाच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेतली आहेत. भारतापासून व्हिएतनामपर्यंत आशियातले देश राष्ट्रीय अहवाल करताना हीच पद्धत वापरतात. म्हणजे एका सोसायटीचा हिशोब आणि आख्ख्या खंडाचा हिशोब एकाच साच्यात बसतो. मिथेनचे किलो २८ नं गुणायचे आणि नायट्रस ऑक्साइडचे २६५ नं. हे आकडे आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातले, १०० वर्षांच्या मापाचे आहेत. २० वर्षांचं माप लावलं तर मिथेनचा गुणक ८४ होतो, कारण हा वायू हवेत थोडीच वर्षं राहतो पण तेवढ्यात फार तापवतो. गुणाकारानंतर जो आकडा येतो, म्हणजे तेवढंच तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं वजन, त्याला इथे ‘समतुल्य किलो’ म्हटलं आहे.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. हा हिशोब फक्त विल्हेवाटीचा आहे. वाया गेलेलं अन्न पिकवताना, शिजवताना आणि वाहून नेताना जे उत्सर्जन झालं ते यात नाही, आणि बहुतेक वेळा ते यापेक्षा मोठं असतं. ताटात टाकलेला भात कंपोस्टमध्ये गेला म्हणून तो फुकटचा होत नाही.

आधी वजन, मग ओलावा

सलग सात दिवस वजन करा आणि त्यात रविवार येऊ द्या. सणासुदीचा आठवडा असेल तर तो वेगळा मोजा, नेहमीच्या सरासरीत मिसळू नका. डबे किती भरले यावरून अंदाज बांधू नका. कलिंगडाच्या सालीचा डबा आणि मटाराच्या टरफलांचा डबा यांच्या वजनात फार फरक पडतो.

नंतर ओलावा. याच पायरीला लोक टाळाटाळ करतात आणि इथेच हिशोब फसतो. दिवसभराचा ओला कचरा ताडपत्रीवर ओतून फावड्यानं नीट मिसळा. ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा. उरलेल्याचे पुन्हा चार भाग करा. असं करत एक किलो नमुना उरवा, बारीक चिरा, पसरट ताटात घालून वजन घ्या. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवा. ओव्हन नसेल तर कडक उन्हात जाळी झाकून सुकवा आणि लागोपाठ दोन दिवस वजन तेच येईपर्यंत थांबा. उन्हात सुकवलेल्यात थोडा ओलावा उरतोच, तरी कामापुरता आकडा मिळतो. आपल्याकडचा घरचा ओला कचरा बहुधा ७० ते ८० टक्के पाणीच असतो. पुढच्या उदाहरणात ७५ टक्के धरलं आहे, म्हणजे एका टनात २५० किलो कोरडा भाग.

डम्पिंगला गेलं तर

सूत्र असं: कोरडं वजन × ०.३८ × ०.५ × जागेचा गुणक × ०.५ × १६/१२.

०.३८ हा कोरड्या अन्नातला कुजण्याजोगा कार्बन. त्यातला निम्माच खरोखर कुजतो म्हणून पहिला ०.५. निघणाऱ्या वायूत निम्मा मिथेन म्हणून दुसरा ०.५. शेवटचा अपूर्णांक कार्बनच्या वजनावरून मिथेनचं वजन काढण्यासाठी. जागेचा गुणक उथळ, विखुरलेल्या ढिगाला ०.४, पाच मीटर किंवा त्याहून खोल बेशिस्त डम्पिंगला ०.८ आणि दाबून-झाकून केलेल्या भरावाला १.

आपल्या एका टनाचं उत्तर: २५० × ०.३८ = ९५. त्याचे निम्मे ४७.५. खोल डम्पिंग धरून × ०.८ = ३८. पुन्हा निम्मे १९. गुणिले १६/१२ म्हणजे सुमारे २५ किलो मिथेन. २८ नं गुणलं की साधारण ७१० समतुल्य किलो. २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत अन्नासाठी पहिला ०.५ वाढवून ०.७ केला आहे. तो घेतलात तर आकडा हजाराच्या जवळ जातो. कुठला घेतला ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी तोच वापरा.

शास्त्रशुद्ध दाबून झाकलेल्या भरावाचा गुणक उघड्या उकिरड्यापेक्षा जास्त आहे हे पाहून लोक चक्रावतात. कारण सरळ आहे: दाबलं की हवा जाते. असा भराव वायू गोळा करण्याच्या नळ्यांसकटच कामाचा. नळ्या नसतील तर दुर्गंधी आणि माश्या कमी होतील, मिथेन वाढेल.

तयार तक्त्यात ओल्या अन्नासाठी सरसकट ०.१५ हा कार्बन-आकडा दिलेला असतो. तो ४० टक्के कोरडा भाग धरून काढलेला आहे. टोमॅटोत कोरडा भाग जेमतेम ६ टक्के. त्यामुळे टोमॅटोच्या टनाला ०.१५ लावलंत तर उत्तर सहापट फुगतं. उलट शिळी पोळी, पाव, फरसाण यांना तो कमी पडतो. म्हणूनच ओलावा मोजायचा.

वेळही पाहा. वर्षाला १००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या उष्ण प्रदेशात अन्नाचा निम्मा कुजण्याजोगा भाग दोन वर्षांच्या आत संपतो. कोरड्या प्रदेशात आठेक वर्षं लागतात. मुंबई आणि कोकण पहिल्या गटात. म्हणजे डम्पिंग भरलं, बंद केलं, मग नळ्या टाकल्या, तोवर अन्नातला बहुतेक मिथेन उडून गेलेला असतो. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या ढिगाऱ्याला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग उपग्रहातूनही दिसली. अशा ढिगात आतून मिथेन झिरपतो, वर प्लास्टिक, कागद, कापड पडलेलं असतं, त्यामुळे एकदा पेटलं की पाणी मारून विझत नाही. ओलं मुळात तिथे पोचू न देणं हाच उपाय. दक्षिण कोरियानं २००५ मध्ये अन्न थेट भरावात टाकायला बंदी घातली आणि २०१३ पासून अन्नकचरा जेवढा टाकाल तेवढे पैसे लावले. आपल्याकडे रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी मोठे उत्पादक ठरवून, ओल्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी दिली.

कंपोस्ट: पालापाचोळ्याचं वजन किती?

हवेशीर कंपोस्टातूनही थोडं उत्सर्जन होतं. कोरड्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ग्रॅम मिथेन आणि ०.६ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड धरतात. आपल्या टनाला ते ११० समतुल्य किलो पडतं. डम्पिंगच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं. पण हा आकडा ढीग खरोखर हवेशीर असेल तरच खरा. चिखल झालेल्या पिटात वर ‘कंपोस्ट’ अशी पाटी असते आणि खाली छोटं डम्पिंग चालू असतं.

ढीग हवेशीर राहायला ओलावा ५५ ते ६० टक्क्यांवर आणावा लागतो. १०० किलो ओल्यात ७५ किलो पाणी आहे. वाळक्या पानांत साधारण १० टक्के. ३० किलो पानं घातली तर पाणी ७८ किलो, एकूण १३०, म्हणजे बरोबर ६० टक्के. ५५ टक्के हवे असतील तर ४४ किलो पानं लागतात. तेव्हा १०० किलोला ३० ते ४५ किलो पाला, पावसाळ्यात वरच्या टोकाला. याच मिश्रणात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाणही २८ च्या आसपास बसतं. जीवाणूंना २५ ते ३० मानवतं.

अडचण अशी की पाला वर्षाला एकदाच पडतो. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ होते तेव्हा तो जाळायचा आणि जुलैत ढीग चिखल झाला म्हणून पावडरी विकत आणायच्या, हा उलटा कारभार बंद करा. रोज १०० किलो ओलं असेल तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना पाच टनांच्या आसपास पाला कोरडा ठेवावा लागतो. एवढी जागा नसेल तर पाला श्रेडरमधून काढून गोण्यांत दाबून भरा, किंवा सुताराकडचा भुसा वापरा. भुशात नत्र जवळजवळ नसतो, म्हणून नुसता भुसा वापरलात तर ढीग गार पडतो. निम्मा पाला, निम्मा भुसा ठीक. प्लायवुडचा भुसा नको, त्यात गोंद असतो.

ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर तापत नाही. दीड मीटरच्या वर नेऊ नका, स्वतःच्या वजनानं तळ दाबला जातो. तळाला हातभर काटक्यांचा थर घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत ५५ ते ६५ अंश यायला हवेत. पहिले पंधरा दिवस दर तिसऱ्या दिवशी उलथा, पुढे आठवड्यातून एकदा. उलथताना मूठभर माल घट्ट दाबा: बोटांमधून एखाददुसरा थेंब दिसला तर बरोबर, धार लागली तर पाला घाला, गोळा न होता भुगा झाला तर पाणी शिंपडा.

बिघाड नाकानं आणि हातानं कळतो. सडक्या अंड्याचा वास आला की हवा कोंडलीय. उलथा आणि काटक्या घाला. डोळ्यांत झोंबणारा अमोनिया आला तर नत्र जास्त आहे, पाला वाढवा. वास नाही आणि उष्णताही नाही, तर बहुतेक वेळा ढीग कोरडा किंवा फार लहान आहे. तळातून काळं पाणी गळत असेल तर ते झाडांना थेट घालू नका. त्यात आम्ल असतं, आणि ते गळणं हीच तळ कोंडल्याची खूण आहे. जाड, करड्या रंगाच्या मोठ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि झपाट्यानं खातात. मांसमच्छीचं खरकटं ढिगाच्या मधोमध पुरा, कडेला नको. हॉटेलच्या तेलकट रश्श्याचं पाणी आधी निथळून काढा. तेलाचा थर बसलेल्या कणाला हवा मिळत नाही आणि मीठ खतात उतरतं.

‘चोवीस तासांत खत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तापवून सुकवणारं यंत्र खत करत नाही, ते कचरा वाळवून दळतं. १०० किलोतलं ७० किलो पाणी उडवायला बाष्पीभवनापुरतीच ४४ युनिट वीज लागते. युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ३१ किलो झाले. त्याच १०० किलोचं साधं कंपोस्ट ११ समतुल्य किलोत होतं. शिवाय बाहेर आलेली तपकिरी भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की ती पुन्हा कुजायला लागते, तापते आणि मुळं जाळते. असं यंत्र आधीच घेतलं असेल तर निदान ती भुकटी महिनाभर पाल्याबरोबर ढिगात मुरवा.

बायोगॅस: गळती सोडली तर उत्तम

१०० किलो ओल्यापासून नीट चाललेल्या संयंत्रात ८ ते १० घनमीटर वायू मिळतो. एक घनमीटर म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम एलपीजी. दिवसाला चारेक किलो गॅस वाचला, म्हणजे साधारण १२ किलो कार्बन डायऑक्साइड. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं घरगुती खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. मोठ्या आकारात गोव्यातल्या साळगावचा आणि २०२२ मध्ये सुरू झालेला इंदूरचा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प आहे.

इथे मिथेन आपण मुद्दाम तयार करतो, म्हणून गळतीला माफी नाही. १० घनमीटर वायूत सुमारे ४ किलो मिथेन असतो. त्यातला १० टक्के गळला तर ११ समतुल्य किलो: कंपोस्टाइतकंच, आणि वाचलेल्या एलपीजीचा जवळजवळ सगळा फायदा गेला. आठवड्यातून एकदा प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. तरंगती टाकी पूर्ण वर आली आणि कडेनं वायू बुडबुडत असेल तर खाद्य जास्त पडतंय किंवा वायू वापरला जात नाहीये. शाळेच्या किंवा कॉलेजच्या मेसला सुट्टी लागण्याआधी चार दिवस खाद्य कमी करा. उरलेला वायू जाळा, सोडू नका. बाहेर पडणारी मळी उघड्या टाकीत साठवली तर तिच्यातूनही मिथेन निघत राहतो. ती रोजच्या रोज पाल्यावर किंवा शेतात घाला.

सुरुवात शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून करा, निळी ज्योत येईपर्यंत खरकटं नको. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत पाच-सहा आठवड्यांत पूर्ण क्षमतेवर या. एकदम भात-पोळी ओतली की आम्ल होतं, सामू (आम्लता दाखवणारा पीएच आकडा) ६.८ च्या खाली उतरतो आणि मिथेन करणारे जीवाणू थांबतात. खूण अशी: वायू निघतो पण पेटत नाही. अशा वेळी खाद्य पूर्ण बंद करा, चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, दोन-चार बादल्या ताजा शेणकाला ओता, आणि ज्योत परत येईपर्यंत धीर धरा.

पाचट: ऐंशी किलो युरियाचं गणित

महाराष्ट्रात ऊस तुटल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट राहतं. वाढं (उसाचा हिरवा शेंडा) जनावरांना जातं, बाकीच्याला काडी लागते. जाळण्याचा हिशोब: कोरड्या टनामागे ०.८ टन प्रत्यक्ष जळतं. जळालेल्या किलोमागे २.७ ग्रॅम मिथेन आणि ०.०७ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. म्हणजे टनाला ७५, आठ टनांना ६०० समतुल्य किलो. धुरातली काजळी यात धरलेलीच नाही. शिवाय पाचटातला जवळजवळ सगळा नत्र जातो, हेक्टरी ४० किलो, आणि तीन टनांच्या आसपास सेंद्रिय कर्ब.

न जाळता खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवायचा क्रम असा:

१. तोडणी संपल्यावर आठवड्याच्या आत बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत दाबून घाला. बुडखा झाकलेला राहिला तर फुटवे कमजोर निघतात.

२. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. वरच्या डोळ्यातून आलेला फुटवा पोकळ मुळावर उभा राहतो आणि मरतो. छाटलेल्या बुडख्यांवर शिफारशीचं बुरशीनाशक फवारा.

३. सरीतल्या पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया आणि १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा. पाचट कुजवणारं १० किलो जीवाणू संवर्धक चाळलेल्या शेणखतात मिसळून त्यावर टाका.

४. पाणी द्या. पहिलं पाणी पाचटात अडून फार हळू सरकतं. घाबरून पाचट बाहेर काढू नका. दुसऱ्या पाण्याला ते बसलेलं असतं. लांब सरी असेल तर पहिल्या पाण्यापुरते मधे आडवे पाट पाडा. ठिबक असेल तर प्रश्नच नाही.

५. बगला (वरंब्यांच्या बाजू) नांगरानं फोडू नका. वाफसा आल्यावर पहारीसारख्या अवजारानं बुडख्यापासून वीतभर अंतरावर, १० ते १५ सेंटिमीटर खोल, फूटभर अंतराच्या भोकांत खत द्या. दुसरा हप्ता १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला.

युरिया का, हे समजलं की मात्रा आपसूक लक्षात राहते. आठ टन पाचटात सुमारे २८०० किलो कर्ब आणि ४० किलो नत्र, म्हणजे प्रमाण ७० ला १. एवढ्या भुकेल्या मालाला कुजवताना जीवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात, आणि महिनाभरात खोडवा पिवळा पडतो. ‘पाचट ठेवलं आणि ऊस पिवळा पडला’ ही तक्रार याच चुकीतून येते. ८० किलो युरियात ३७ किलो नत्र आहे; तो घातला की प्रमाण ३६ वर येतं.

पण या युरियालाही कार्बन आहे. त्याच्या नत्रातला १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतो असं धरतात: १५० समतुल्य किलो. युरिया विरघळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड ६० किलो. पाचटातल्या नत्राचा वाटा आणखी १६५. बेरीज ३७५. जाळण्याच्या ६०० पेक्षा कमी, पण ‘शून्य’ नक्कीच नाही. म्हणून आमचं ठाम मत: हा युरिया खोडव्याच्या एकूण नत्राच्या मात्रेतच मोजा, वरून जादा घालू नका, आणि दोन-तीन वर्षांनी माती तपासून रासायनिक नत्र कमी करा. खरी बचत तिथे आहे, आणि पैशाचीही.

बांधालगत दोन-तीन मीटर पट्टा पाचटाशिवाय ठेवा. शेजारच्यानं पेटवलेलं आपल्या फडात येतं, आणि कोवळ्या खोडव्यात पेटलेलं पाचट सगळं पीक घेऊन जातं. आधीच्या उसात काणी किंवा गवताळ वाढ हे रोग जास्त असतील तर मुळात खोडवाच ठेवू नका.

भाताचा पेंढा: इथे घाईनं गाडणं महागात पडतं

पंजाबातला पेंढा जळतो कारण भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला दोन-तीन आठवडेच हातात असतात. त्यावर ‘जाळू नका, गाडा’ हा सल्ला देशभर पसरला. गव्हाच्या कोरड्या रानात तो चालतो. पाणी उभं राहणाऱ्या भातखाचरात मात्र गाडलेला पेंढा चिखलाखाली कोंडतो.

हेक्टरी ५ टन पेंढा लावणीआधी महिन्याच्या आत गाडला तर खाचराचा मिथेन सुमारे २.९ पट होतो. महिनाभराहून आधी गाडला तर १.७ पट. तेवढ्याच वजनाचं कुजलेलं कंपोस्ट घातलं तर १.१४ पट. सतत पाणी असलेल्या १२० दिवसांच्या भातात ही वाढ, काहीच न घातलेल्या खाचरापेक्षा, हेक्टरी अनुक्रमे ८२००, ३००० आणि ६०० समतुल्य किलो पडते. कोकणातल्या पावसावरच्या भाताला हे आकडे साधारण चौथ्या हिश्शावर येतात, क्रम तोच राहतो. ५ टन जाळल्याचे होतात ३७५. म्हणजे ऐन लावणीच्या तोंडावर पेंढा चिखलात गाडणं जाळण्यापेक्षाही वाईट. जाळल्याची काजळी श्वासात जाते म्हणून जाळणं हा पर्याय नाहीच. गाडण्याची वेळ बदलायची.

पेंढा आधी जनावरांना, मग धिंगरी अळिंबीला, मग कंपोस्टला. शेतातच जिरवायचा असेल तर कापणी होताच, जमिनीत ओल आहे पण पाणी उभं नाही अशा वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नांगरा. उन्हाळी भात पाण्यावर घेत असाल तर फुटवे पूर्ण झाल्यावर एकदा पाणी तोडून जमिनीला बारीक भेगा पडू द्या. या एका गोष्टीनं मिथेन सुमारे ४० टक्के उतरतो. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नका.

कोकणात आणि मावळात रोपासाठी राब भाजतात: पाला, फांद्या, शेण जमिनीवर पसरून पेटवणं. त्यानं तणाचं बी मरतं आणि राख मिळते, म्हणून ती पद्धत टिकली. तेच काम गादीवाफ्यावर होतं. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख वरच्या मातीत मिसळा, ओळीत बी पेरा, तण एकदा हातानं काढा. ही राख भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतही सांगितली आहे. तिच्यातल्या सिलिकानं रोप ताठ राहतं. राबासाठी तोडला जाणारा टहाळही वाचतो.

पऱ्हाटी, तुराटी आणि मिश्र काडीकचरा

कपाशीची पऱ्हाटी जूनपर्यंत बांधावर रचून ठेवू नका. तिच्यावरच्या कवडी (नीट न उमललेल्या, किडक्या) बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत असते. वेचणी संपताच श्रेडरनं शेतातच बारीक करा. श्रेडर मिळत नसेल तर कोळसा करा. वरून पाच फूट रुंद, तीन फूट खोल, खाली निमुळता खड्डा घ्या. तळाशी थोडी पेटवा, आग वरूनच राहू द्या. वरच्या काड्यांवर पांढरी राख दिसायला लागली की पुढचा थर टाका. वरची ज्वाळा खालून येणारा धूर जाळून टाकते, त्यामुळे मिथेन आणि काजळी कमी निघते. काडी ओली असेल तर ज्वाळा मोडते आणि पांढरा धूर सुटतो. तेव्हा थांबा, वाळू द्या. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा. अर्धवट विझलेला कोळसा रात्रीतून राख होतो. मूळ वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा माल मिळतो. तो शेणकाल्यात दोन आठवडे मुरवल्याशिवाय शेतात टाकू नका, कोरा कोळसा नत्र धरून ठेवतो.

उरलेल्या मिश्र काडीकचऱ्याला पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी अजूनही उत्तम. १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, विटांच्या दर दोन थरांनंतर तिसऱ्यात भोकं. भोकं हाच तिचा जीव आहे. गिलावा करताना गवंडी ती बुजवतात, तिथे उभं राहून बघा. आत १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. सहा इंच कचरा, त्यावर ४ किलो शेणाचं पाणी, त्यावर ५० ते ६० किलो माती, असे दहा-बारा थर करत काठाच्या दीड फूट वर न्या आणि वरून मातीनं लिंपा. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खचतो. तेव्हा तसेच थर देऊन पुन्हा भरा आणि लिंपा. ९० ते १२० दिवसांत खत तयार होतं. लिंपणाला भेगा पडल्या तर शेणमातीनं बुजवा, कारण भेगांतून ओल उडते आणि वरचा हातभर थर न कुजता तसाच राहतो.